सिगडॉकचं सदस्यत्व: कोणाला मिळतं, काय लागतं, अर्ज कसा भरायचा

सॉफ्टवेअरची मॅन्युअल, हेल्पची पानं, एपीआयची (दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्याची) माहिती, ॲपमध्ये उमटणाऱ्या सूचना लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण मराठी, इंग्रजी, पत्रकारिता किंवा विज्ञान शिकून या कामात आले आहेत. सिगडॉक हा एसीएम या संगणकशास्त्राच्या व्यावसायिक संघटनेतला गट, म्हणून तो आपल्यासाठी नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली माणसं बाहेर राहतात, म्हणून पात्रतेबद्दल आधी आणि जरा सविस्तर लिहितो आहे.

एसीएम, म्हणजे असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, ही 1947 साली स्थापन झालेली संघटना. मुख्यालय न्यूयॉर्कला. तिच्यात विषयवार तीसहून अधिक गट आहेत आणि त्या प्रत्येकाचं नाव ‘सिग’ने (स्पेशल इंटरेस्ट ग्रुप) सुरू होतं. सिगडॉक हा त्यातला संवादरचनेचा गट. 1975 मध्ये जोसेफ रिगो यांनी तो सुरू केला, तेव्हा विषय होता संगणक प्रणालींचं दस्तऐवजीकरण. पुढे मॅन्युअलच्या पलीकडचं बरंच काही त्यात आलं: माहितीची मांडणी, इंटरफेसमधली भाषा, वापरकर्त्यांचा अभ्यास, अपंग व्यक्तींना वापरता येईल अशी रचना. त्यामुळे 2003 मध्ये गटाचं नाव बदलून ‘डिझाइन ऑफ कम्युनिकेशन’ झालं. पहिली परिषद 1982 साली कॅलिफोर्नियातल्या कार्सन इथे झाली. त्यानंतरच्या परिषदा बहुतेक अमेरिकेत होतात. पिसा, लिमरिक, हॅलिफॅक्स अशा ठिकाणीही झाल्या आहेत. ‘कम्युनिकेशन डिझाइन क्वार्टर्ली’ हे गटाचं नियतकालिक.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही या क्षेत्रातली जुनी संघटना कायमची बंद झाली. तिची भारतातही शाखा होती. ज्यांचं सदस्यत्व तिथे होतं त्यांनी तर सिगडॉककडे आवर्जून पाहावं. मात्र फरक समजून घ्या. ती संघटना नोकरी करणाऱ्या लेखकांची होती. सिगडॉकमध्ये विद्यापीठातले संशोधक जास्त आहेत. वर्षाकाठी एखादा शोधनिबंध वाचायची, आपल्या कामाकडे अभ्यासाच्या नजरेने पाहायची तयारी असेल तर इथे करमेल. फक्त नोकरीच्या ओळखी हव्या असतील तर पैसे खर्च करू नका.

पात्रता

व्यावसायिक सदस्यत्वासाठी तीनपैकी एक अट पुरते. कोणत्याही विषयातली पदवी, किंवा पदवीच्या तोडीचं शिक्षण, किंवा माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात दोन वर्षांची पूर्णवेळ नोकरी. पहिल्या अटीतला ‘कोणत्याही विषयातली’ हा भाग पुन्हा वाचा. मराठी घेऊन बीए केलेली व्यक्ती इथे बीई कम्प्युटरवाल्याइतकीच पात्र आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून दोन वर्षं कंपनीत काम केलेल्यांना तिसऱ्या अटीवर अर्ज करता येतो. नागरिकत्वाची किंवा परीक्षेची अट नाही.

सोबत एसीएमची उद्दिष्टं आणि आचारसंहिता मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. बहुतेक जण इथे न वाचता खूण करतात. मी म्हणेन, ही संहिता वाचाच. 2018 मध्ये ती नव्याने लिहिली गेली आणि तिच्यात 25 तत्त्वं आहेत. इजा टाळणं, प्रामाणिक राहणं, भेदभाव न करणं, खासगीपणा जपणं ही त्यातली काही. औषधाच्या पंपाची किंवा बँकेच्या ॲपची सूचना लिहिणाऱ्याला ‘इजा टाळणं’ म्हणजे नेमकं काय ते रोजच्या कामात कळतं.

विद्यार्थी सदस्यत्वासाठी मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतलेला असावा लागतो. शिक्षण संपलं की थेट पूर्ण दर भरावा लागत नाही. विद्यार्थी ते व्यावसायिक या टप्प्यासाठी सवलतीचा दर आहे, तो मागून घ्या.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. आपल्याकडच्या अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत एसीएमची विद्यार्थी शाखा असते. त्या शाखेत नाव नोंदवलं म्हणजे तुम्ही एसीएमचे सदस्य झालात असं नाही. शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी एसीएमचं सदस्य असणं बंधनकारक असतं, बाकीच्यांनी नाही. शाखेची फी वेगळी आणि एसीएमची वेगळी. बायोडेटात ‘एसीएम सदस्य’ लिहिण्याआधी स्वतःच्या नावाचा सदस्य क्रमांक आहे का ते बघा.

तिसरा मार्ग म्हणजे एसीएमचं सदस्यत्व न घेता फक्त सिगडॉक गटात जाणं. तसं करता येतं आणि स्वस्तही पडतं, पण एसीएमच्या सदस्यांना मिळणारे इतर फायदे त्यात नसतात. विद्यार्थ्यांनी हा मार्ग घेऊ नये असं माझं मत. कारण पुढे स्पर्धेच्या भागात येईल.

कागदपत्रं

अर्जाला फार काही जोडावं लागत नाही, माहिती भरून प्रतिज्ञापन द्यायचं असतं. तरी पडताळणीची वेळ आलीच तर हाताशी असावं म्हणून पदवी प्रमाणपत्र किंवा नोकरीचा अनुभव दाखला, आणि विद्यार्थ्यांनी चालू वर्षाचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड स्कॅन करून ठेवावं. अनुभव दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख आणि पद स्पष्ट हवं. ‘ते आमच्याकडे काम करतात’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याने भागत नाही.

खरी काळजी नावाची घ्या. आपल्याकडे आधारवर एक क्रम, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, असा प्रकार सर्रास असतो. एसीएमच्या खात्यावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. पुढे परिषदेसाठी निबंध स्वीकारला गेला तर तेच नाव ऑर्किड क्रमांकाशी जोडलं जाईल आणि व्हिसासाठी एसीएम देते त्या पत्रावरही तेच येईल. ऑर्किड हा संशोधकांचा मोफत मिळणारा कायमचा ओळख क्रमांक. एसीएममध्ये निबंध छापायचा तर प्रत्येक लेखकाला तो लागतोच, तेव्हा आधीच काढून ठेवा. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं तर छापून झालेल्या निबंधावरचं नावही बदलून देण्याचं धोरण एसीएमने स्वीकारलं आहे. अनेक बायकांची आधीची कामं जुन्या नावाखाली हरवतात, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

अर्ज आणि पैसे

एसीएमच्या संकेतस्थळावर आधी खातं उघडायचं. ईमेल स्वतःचा द्या, कंपनीचा किंवा कॉलेजचा नको. नोकरी सुटली की नूतनीकरणाच्या सूचना तिथेच अडकतात. मग सदस्यत्वाचा प्रकार आणि देश निवडायचा आणि गटांच्या यादीत सिगडॉकसमोर खूण करायची. ही खूण राहून गेली तर तुम्ही नुसते एसीएमचे सदस्य होता, गटाचे नाही. गटाची वर्गणी एसीएमच्या वर्गणीशिवाय वेगळी आकारली जाते.

व्यावसायिक सदस्यत्वाचा अमेरिकेतला दर बरीच वर्षं 99 डॉलर आणि विद्यार्थ्यांचा 19 डॉलर राहिला आहे. विकसनशील देशांसाठी सवलतीचे दर असतात, म्हणून देश ‘भारत’ निवडूनच रक्कम पाहा. अमेरिकेचा आकडा बघून मागे फिरू नका. परदेशात राहणाऱ्यांना अर्थातच तिथला दर लागतो.

पैसे भरताना अडतं ते कार्डावर. मार्च 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते ग्राहकाने स्वतः सुरू करायचे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा, मर्यादा ठेवा, पैसे गेले की पुन्हा बंद करा. बँक विनिमयावर वरचा आकार लावते, तोही हिशोबात धरा. पावती पीडीएफमध्ये जपून ठेवा, कारण बऱ्याच कंपन्या व्यावसायिक संघटनेची वर्गणी परत देतात आणि ती पावतीशिवाय मिळत नाही.

निबंध वाचायला मिळावेत एवढ्याचसाठी सदस्य होत असाल तर थांबा. जानेवारी 2026 पासून एसीएमने आपल्या डिजिटल लायब्ररीतले निबंध सर्वांना खुले केले आहेत. सिगडॉकच्या 1982 पासूनच्या परिषदांचं साहित्य तिथे आहे आणि ते वाचायला पैसे लागत नाहीत. ज्यांना या विषयाचं पुस्तक गावात मिळत नाही, अशा शिकणाऱ्यांसाठी याहून चांगली बातमी नाही.

विद्यार्थ्यांची स्पर्धा आणि परिषदेचा प्रवास

सिगडॉकच्या परिषदेत एसीएमची विद्यार्थी संशोधन स्पर्धा होते. पदवी आणि पदव्युत्तर असे दोन विभाग, प्रत्येकात 500, 300 आणि 200 डॉलरची बक्षिसं. पहिले आलेले एसीएमच्या महाअंतिम फेरीत जातात. अट अशी की प्रवेशिका देताना एसीएमचं विद्यार्थी सदस्यत्व चालू असलं पाहिजे. नुसत्या सिगडॉक गटाचं सदस्यत्व इथे उपयोगी पडत नाही, म्हणून वर ते घेऊ नका म्हटलं. पदव्युत्तर विभागात प्रवेशिका एकट्याचीच हवी. दोघांनी मिळून केलेलं काम असेल तर त्यातला स्वतःचा वाटा वेगळा काढून मांडावा लागतो. मराठी वापरकर्त्यांवर केलेला अभ्यास, म्हणजे सातबाराचं संकेतस्थळ शेतकऱ्याला कितपत कळतं किंवा एसटीच्या आरक्षणाच्या ॲपमध्ये माणूस कुठे अडतो, हे या परिषदेच्या विषयात अगदी नीट बसतं. असं काम आपल्याकडूनच जाऊ शकतं. ते जावं ही माझी मनापासून इच्छा आहे.

निबंध स्वीकारला गेला आणि परिषद अमेरिकेत असली तर बी-1, म्हणजे कामानिमित्त छोट्या भेटीचा, व्हिसा लागतो. आधी परिषदेची नोंदणी करून एसीएमकडे व्हिसासाठीच्या पत्राची ऑनलाइन मागणी नोंदवायची. त्यात पासपोर्टवरचं नाव, टपालाचा पत्ता, परिषदेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि निबंधाचं शीर्षक व लेखक द्यावे लागतात. पत्र यायला कामाचे काही दिवस जातात. मग डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म आणि व्हिसाचं शुल्क. जून 2023 पासून ते 185 डॉलर आहे. महाराष्ट्र-गोव्याच्या लोकांची मुलाखत सहसा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होते. एसीएमचं पत्र म्हणजे व्हिसाची हमी नव्हे. मुलाखतीच्या तारखा फार उशिराच्या मिळतात, त्यामुळे स्वीकृतीचा ईमेल आला त्याच आठवड्यात ही धावपळ सुरू करा, आणि ऑनलाइन सादरीकरण चालेल का ते आयोजकांना तेव्हाच विचारून ठेवा.

सदस्यत्व वर्षाचं असतं. ते मधे तुटू देऊ नका. एसीएमच्या वरिष्ठ सदस्य श्रेणीसाठी 10 वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि सलग 5 वर्षांचं व्यावसायिक सदस्यत्व मागतात. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं या पाचात धरत नाहीत.