खाणभूमी पुनरुद्धार : शासकीय तांत्रिक साहाय्य

उघड्या खाणीने उकरलेली जमीन शेती, वन किंवा जलाशय म्हणून पुन्हा वापरात आणण्यासाठी शासकीय यंत्रणांकडून मिळणारे आराखडा, मृदापरीक्षण व देखरेखीचे साहाय्य. भारतात कोळसा वगळता बहुतेक प्रमुख खनिजांसाठी नागपूरचा भारतीय खाण ब्यूरो (स्था. 1948) आणि कोल इंडियाच्या खाणींसाठी रांचीची खाण नियोजन संस्था सीएमपीडीआय (स्था. 1975) हे काम पाहतात.

या विषयावरील पहिला कायदा सामान्यतः अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा (1939) मानतात. भारतातील आरंभ 1988 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांपासून धरावा, की 2003 च्या दुरुस्तीपासून, हे सांगणे सोपे नाही. 1988 च्या नियमांत जमीन पूर्ववत करण्याचे बंधन होते. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी मात्र 2003 मध्ये आली. त्यामुळे दुसरे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

सारे काही वरच्या वीतभर मातीवर अवलंबून असते. ती आधी वेगळी काढून ठेवली नाही, तर खालच्या मुरुम-खडकाखाली गाडली जाते. वेगळी ठेवली, पण उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली, तरी आतल्या भागात हवा पोहोचत नाही; बी मरते, जिवाणू घटतात. म्हणून ढीग बुटका ठेवून त्यावर गवत वा द्विदल पीक घ्यावे आणि माती शक्य तितक्या लवकर पसरावी, असा सल्ला देतात. हा सल्ला खाण उघडण्यापूर्वी मिळाला तरच उपयोगी. नंतर उरते ती मातीची भरपाई. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर तशी भरपाई करून दाखवली. साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू घालून तेथे झाडे जगवली. महाराष्ट्रातील हा प्रयोग मोलाचा आहे.

फोडलेला खडक फुगतो, तरी खड्डा पुरता भरत नाही. खनिज निघून गेलेले असते आणि बरीच माती बाहेरच्या ढिगांत अडकते. अखेरच्या खड्ड्यात बहुधा पाणी साठते.

कोळसा खाणींसाठी 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी उघड्या खाणीस हेक्टरी 6 लाख रुपये एस्क्रो खात्यात (अट पूर्ण होईपर्यंत रक्कम अडकवून ठेवणारे खाते) ठेवण्याचा दर घातला. मोठ्या खाणींतील पुनरुद्धार सीएमपीडीआय उपग्रहचित्रांवरून दरवर्षी तपासते.

गौण खनिजांचे नियम राज्ये करतात. खडी-मुरुमाच्या खाणी खाण ब्यूरो व सीएमपीडीआय या दोन्ही संस्थांच्या नियमित कामात येत नाहीत.