थोरली की धाकटी? चिनी, चुवाश आणि मधली भाषा

जून २०२४ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत ११० नव्या भाषांची भर पडली. त्यांत रशियातील व्होल्गाकाठच्या चुवाशिया प्रजासत्ताकाची चुवाश भाषाही होती. अशा बातम्यांमुळे आता कोणत्याही भाषेतून कोणत्याही भाषेत थेट आणि सारखेच चांगले भाषांतर होते, असा समज पसरतो. तो बरोबर नाही. यंत्राला शिकण्यासाठी एकच मजकूर दोन्ही भाषांत लागतो आणि उदाहरणार्थ चिनी-चुवाश असा मजकूर फारच थोडा आहे. म्हणून अशा जोड्यांसाठी रशियन किंवा इंग्रजीची मध्यस्थी घेण्याची, म्हणजे आधी त्या मधल्या भाषेत आणि मग तिच्यातून पुढे भाषांतर करण्याची, पद्धत रूढ आहे.

चिनी आणि चुवाश या दोन भाषांची रचना अगदी निराळी आहे. चुवाश ही तुर्की कुळातील बुल्गार शाखेची आज जिवंत असलेली एकमेव भाषा. तिच्यात 'याल' म्हणजे गाव, 'यालसेम' म्हणजे गावे आणि 'यालसेनचेन' म्हणजे गावांतून. एकाच शब्दाला प्रत्ययांची साखळी जोडण्याची ही पद्धत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. चिनीत मात्र 'गाव' या शब्दाचे रूप बदलत नाही. 'तून' हा अर्थ स्वतंत्र शब्द देतो आणि गावे एक की अनेक, हे बहुधा संदर्भावरून कळते. त्यामुळे चिनीला व्याकरणच नाही असे म्हणतात, ते निराधार आहे. शब्दक्रम आणि साहाय्यक शब्द तिथे तेवढ्याच काटेकोरपणे काम करतात.

परंतु खरा घोटाळा होतो तो या दोघींमध्ये जे समान आहे, तिथे. चिनीत थोरली बहीण 'जिएजिए' आणि धाकटी 'मेइमेइ'. चुवाशमध्ये थोरली 'अप्पा' आणि धाकटी 'यमक'. रशियनमध्ये दोघींनाही 'सेस्त्रा' म्हणतात. विशेषण लावून भेद दाखवता येतो, पण नेहमीच्या बोलण्यात तो दाखवलाच जातो असे नाही. आता 'मेइमेइ'चे 'सेस्त्रा' झाले, की थोरली की धाकटी या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती सिद्धान्ताच्या भाषेत जास्तीत जास्त एक बिट (दोन पर्यायांतला एक निवडण्याइतकी) माहिती, त्या शब्दातून गळून पडते. याच सिद्धान्तातील एका प्रमेयानुसार मूळ संदेशाबद्दलची जी माहिती मधल्या टप्प्यात नष्ट झाली, ती केवळ त्या टप्प्याच्या निष्पत्तीवर कितीही हुशार प्रक्रिया केली तरी पुढे परत मिळत नाही. शेजारच्या वाक्यात वयाचा उल्लेख असेल तर यंत्र तो वापरू शकते. नसेल तर 'अप्पा' आणि 'यमक' यांतला एक शब्द ते अंदाजाने निवडते, आणि चुवाश वाचकाला तो अंदाज ठाम विधान म्हणून दिसतो. संगणक अधिक शक्तिशाली केल्याने हा दोष जाणार नाही. त्यासाठी चिनी-चुवाश वाक्यांच्या जोड्या माणसांनीच तयार करायला हव्यात.

सर्वनामांत याच्या उलट घडते. चुवाशमध्ये तो, ती आणि ते यांसाठी एकच 'वल' आहे. चिनी उच्चारातही एकच 'था', लिहिताना मात्र चिन्हे वेगळी. 'वल डॉक्टर आहे' अशा अर्थाचे चुवाश वाक्य इंग्रजीतून गेले, की इंग्रजी 'ही' (he, म्हणजे तो) किंवा 'शी' (she, म्हणजे ती) निवडायला लावते आणि मूळ वाक्यात कुठेही नसलेले लिंग चिनी मजकुरात चिन्हासकट उतरते.