गोधडीचं वय किती?

नौपाड्यातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून एक गोधडी खाली आली. "माझ्या आजेसासूबाईंची आहे ही. शंभर वर्षं तरी झाली असतील," सासूबाई म्हणाल्या. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. असं काही ऐकलं की माझे हात शिवशिवतात.

गोधडीचा एक कोपरा उसवला होता. तिथून थर दिसत होते: वर हिरवं इरकली लुगडं, त्याखाली विटलेलं लाल लुगडं, मग बदामी रंगाचा शर्टाचा तुकडा आणि तळाला धोतर. पायाकडे एक करडं लोकरी ठिगळ होतं. सगळ्या गोधडीत कसरीने खाल्लेलं तेवढंच. कसरीच्या अळीला लोकरीतलं केराटिन पचतं, सुतातलं सेल्युलोज पचत नाही. सासरे रेमंडमध्ये होते, ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या त्या लोकरीच्या गिरणीत, त्यामुळे ठिगळ कुठून आलं असेल याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पुरावा नव्हे.

कापड ओळखायची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे जाळून पाहणं. सुटलेला एकच दोरा चिमट्यात धरायचा आणि स्टीलच्या वाटीवर निरांजनाच्या ज्योतीला लावायचा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रथिनं, त्यामुळे केस जळाल्याचा वास येतो. इरकलीच्या काठाला सासूबाई ठामपणे 'रेशमी' म्हणत होत्या. त्याचा दोरा जळताना वास आला कागदाचा. म्हणजे ते कृत्रिम रेशीम, लाकडाच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस. दिसायला झगझगीत, पण रसायन कापसाचंच. सासूबाईंना हे फारसं रुचलं नाही.

बदामी तुकड्याची गंमत वेगळी. त्याचा दोरा जळता जळता आकसला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. हे पॉलिएस्टर. साधारण २६० अंश सेल्सिअसला ते वितळतं; सूत वितळत नाही, थेट जळतं. थोडी राखही पडली, म्हणजे सूत मिसळलेलं टेरिकॉट. आता पॉलिएस्टरचा हा धागा ब्रिटनमध्ये शोधला गेला १९४१ साली आणि आपल्याकडे टेरिलिन-टेरिकॉट घरोघर पोचलं ते १९६० च्या दशकापासून पुढे. शंभर वर्षांच्या गोधडीच्या पोटात ते कसं?

"नंतर ठिगळ लावलं असेल," सासूबाई म्हणाल्या. शंका रास्त होती, आणि ती तपासताही येते. ठिगळाचे टाके वरच्या थरातच राहतात. इथे धावदोऱ्याचा प्रत्येक टाका इरकलीतून शिरून, टेरिकॉट छेदून, तळाच्या धोतरातून बाहेर पडत होता. म्हणजे आत्ताची शिवण टेरिकॉटच्या आधीची असूच शकत नाही. शिवलेली वस्तू तिच्यातल्या सगळ्यात नव्या चिंधीपेक्षा जुनी नसते.

मग नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणला (जांभळी नाक्यावरूनच, योगायोग). अंधारात धोतर निळसर पांढरं चमकलं. क्षणभर वाटलं, हेही नवं. पण चमकत होता तो टिनोपाल. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरायची ही रसायनं अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा प्रकाश सोडतात. जुन्या धोतरालाही ती धुताना चिकटतात. त्यावरून कापड कशात धुतलं ते कळतं, कधी विणलं ते नाही.

खरी चीज लाल लुगड्यात होती. उसवलेल्या कोपऱ्यातून भिंगाने पाहताना सुईच्या भोकांची सरळ रांग दिसली, आणि त्यांत दोराच नव्हता. भोकांच्या मधे, एक सोडून एक, तांदळाच्या दाण्याहून बारीक अशा गडद लाल रेघा होत्या. बाकी सगळं कापड विटून विटकरी झालेलं. धुण्याने रंग गेला असता तर पाणी टाक्याखालीही पोचलं असतं आणि सगळीकडे सारखाच विटला असता. ऊन मात्र दोऱ्याखाली शिरत नाही. दोऱ्याच्या सावलीत रंग टिकला आणि दोरा काढल्यावर ती सावली तशीच उरली. याचा अर्थ लाल लुगडं कधीकाळी गोधडीचं वरचं कापड होतं, गच्चीवर वर्षानुवर्षं उन्हं खाल्लेलं. पुढे कुणीतरी सगळं उसवलं, टेरिकॉट घातलं, वर इरकली पसरलं आणि नव्याने टाके घातले.

ते कुणीतरी म्हणजे तोच हात असेल का? मी पट्टी लावून मोजलं. भोकांच्या जुन्या रांगेत इंचाला सात टाके, आत्ताच्या शिवणीत जेमतेम चार.

सासूबाईंनी माझ्या हातातून भिंग घेतलं, गोधडी खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे मोठे टाके माझेच की गं," त्या म्हणाल्या. "धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. बारीक घालायला वेळ कुठला?"