पॅकेट प्रेषणातील स्मृती-संरेखन

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पाठवायचे पॅकेट स्मृतीत अशा पत्त्यावर ठेवणे, की तो पत्ता कार्डाला हव्या त्या संख्येने, बहुधा ४ ने, निःशेष भागला जाईल. व्यवहारात याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात.

प्रोसेसरला सोयीचा पत्ता आणि कार्डाला हवा तो पत्ता पुष्कळदा जुळत नाहीत. या अडचणीच्या मुळाविषयी दोन मते आहेत. एक मत ईथरनेट या तारेच्या जाळ्यातील १४ बाइटांच्या हेडरला (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीला) दोष देते. त्यात ६ बाइट गंतव्याचा पत्ता, ६ बाइट उगमाचा आणि २ बाइट प्रकार. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील प्रायोगिक ईथरनेटमध्ये पत्ता एकाच बाइटाचा असल्याने हेडर अवघे ४ बाइटांचे होते. १९८० च्या डिजिटल-इंटेल-झेरॉक्स विनिर्देशात पत्ते ४८ बिटांचे झाले आणि ही सोय गेली. दुसरे मत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मिप्स, स्पार्क अशा रिस्क (मोजक्या साध्या आज्ञांच्या) प्रोसेसरांकडे बोट दाखवते. व्हॅक्स संगणकाला कोणताही पत्ता चाले, मोटोरोला ६८००० प्रोसेसरला सम पत्ता पुरे. स्पार्कवर मात्र ४ बाइटांचा शब्द भलत्या पत्त्यावरून वाचताच ट्रॅप येतो, म्हणजे चालू काम अडते. १४ बाइटांचे हेडर त्याआधी काही वर्षे विनातक्रार चालले होते, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीतील ‘ट्रेलर’ पद्धत (इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील आरएफसी ८९३, १९८४) हा याचाच पूर्वावतार मानला जातो, पण तेथे हेडर मजकुरानंतर नेण्याचा हेतू मजकूर पेज-सीमेवर (स्मृतीच्या ठरावीक आकाराच्या भागाच्या आरंभी) उतरावा एवढाच होता. दोन्हींची गल्लत करू नये.

पेच साध्या अंकगणिताचा आहे. प्रोसेसरच्या सोयीसाठी ईथरनेट हेडरनंतर येणारे आयपी (इंटरनेट प्रोटोकॉल) हेडर १६ व्या बाइटावर ठेवले, तर त्याच्या आधी जोडलेले ईथरनेट हेडर २ ऱ्या बाइटावर सुरू होते. ४ च्या पटीचाच पत्ता घेणाऱ्या कार्डाला ते चालत नाही. दोघांचे समाधान एकाच बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीच्या सलग जागेत) होणे नाही. रिअलटेक ८१३९ हे कार्ड याचे ठळक उदाहरण. लिनक्समधील त्याचा ड्रायव्हर ४ संरेखित बफर राखून ठेवतो आणि प्रत्येक पॅकेट त्यांत कॉपी करतो. लहान पॅकेटला ही कॉपी जाणवत नाही, १५०० बाइटांच्या सलग ओघात मात्र प्रोसेसरचा वेळ खाते. एकच पॅकेट अनेक तुकड्यांत घेणाऱ्या कार्डांसाठी फक्त सुरुवातीचा तुकडा संरेखित जागी हलवला तरी भागते.

ईथरनेटचे पॅकेट लहान असल्यास किमान ६० बाइटांपर्यंतची भर शून्यांनीच घालावी लागते. तसे न केल्याने जुन्या स्मृतीतील मजकूर तारेवर जात असल्याचे २००३ मध्ये उघड झाले (‘ईथरलीक’). भर आणि संरेखन या वेगळ्या गोष्टी असल्या, तरी ड्रायव्हरमध्ये त्या बहुधा शेजारीच सापडतात.

अलीकडची बहुतेक कार्डे कोणताही बाइट-पत्ता घेतात. बिनतारी जाळ्यांत मात्र क्यूओएस (सेवेच्या दर्जाची माहिती असलेले) हेडर २६ बाइटांचे, म्हणजे ४ च्या पटीत न बसणारे असते. अथेरॉसच्या चिपांसाठी ड्रायव्हर त्यानंतर २ बाइट भरतो.