गोल्फ कार्टमधील इंधनपुरवठा व त्यातील बिघाड

पेट्रोलवर चालणाऱ्या गोल्फ कार्टमध्ये टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेणारी यंत्रणा आणि तिच्यातील दोष शोधण्याची पद्धत. कार्टची टाकी आसनाखाली, बरीच खालच्या पातळीवर असते. त्यामुळे मोटारसायकलीप्रमाणे पेट्रोल आपल्या वजनाने उतरत नाही, पंपाने ओढून घ्यावे लागते. शिवाय बहुतेक कार्टमध्ये पेडल दाबले की इंजिन सुरू होते आणि पाय काढला की बंद पडते. म्हणून पुरवठा कमी पडू लागल्याची पहिली खूण बहुधा वेगात दिसत नाही. पेडल दाबल्यावर इंजिन लागायला होणाऱ्या उशिरात दिसते.

सुरुवातीच्या गोल्फ कार्ट विजेवर चालत. पेट्रोलवरील पहिल्या कार्टचा मान सामान्यतः मॅक्स वॉकर यांच्या १९५७ मधील ‘वॉकर एक्झिक्युटिव्ह’ या तीनचाकी गाडीला दिला जातो. हौसेने इंजिन बसवलेल्या एखाद्या गाडीला पहिली म्हणावे, की विक्रीसाठी घडवलेल्या गाडीला, यावर हे उत्तर अवलंबून आहे. येथे दुसरी कसोटी अधिक ग्राह्य वाटते. हार्ली-डेव्हिडसनने १९६३ पासून दोन-स्ट्रोक इंजिनाच्या कार्ट काढल्या. १९८० नंतरच्या दशकात क्लब कार व यामाहा आणि त्यानंतर ई-झेड-गो या उत्पादकांनी चार-स्ट्रोक इंजिने स्वीकारली. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कोठीतूनच जाते. चार-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइल असते आणि तेथे पेट्रोल शिरले तर ते ऑइल पातळ करून बेअरिंगांचा नाश करते.

क्रँककेसमध्ये पेट्रोल शिरण्याची एक वाट पंपातून जाते. कार्ब्युरेटरच्या कार्टवर साधारणतः पल्स पंप असतो. त्याला मोटर नसते, तार नसते. क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर तो चालतो. पिस्टन वर जाताना क्रँककेसमधला दाब घटतो, बारीक नळीतून तो परिणाम पंपाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो, पडदा मागे ओढला जातो आणि टाकीकडची झडप उघडून पेट्रोल आत येते. पिस्टन खाली येताना पडदा पुढे ढकलला जाऊन तेच पेट्रोल दुसऱ्या झडपेतून कार्ब्युरेटरकडे जाते. कारागीर याला ‘व्हॅक्यूम पंप’ म्हणतात. ते नाव अर्धेच खरे आहे, कारण ओढणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे तितकीच आवश्यक असतात. नळीला केसाएवढी चीर गेली, ती वळणावर चेपली किंवा क्रँककेसकडचे तिचे टोक सैल झाले, तरी पडद्यापर्यंत पोहोचणारा ठोका मंदावतो. इंजिन रिकामे चालताना काही जाणवत नाही, चढावर मात्र गाडी दम सोडते. ऑइल प्रमाणाबाहेर भरले तर ते या नळीत चढून बसते आणि हाच परिणाम होतो. अशा वेळी नवा पंप बसवूनही काही दिवसांत दोष परत येतो, म्हणून पंप बदलण्याआधी नळी काढून तिच्यात ऑइल आहे का ते पाहावे. उलट पडदा फाटला असेल तर पेट्रोल याच नळीने क्रँककेसमध्ये उतरते: ऑइलची पातळी वाढलेली दिसते, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. ते ऑइल काढून टाकल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

पंपाची चाचणी सोपी आहे. गिअर न्यूट्रलला घ्यावा, चाकांना अडण लावावी, प्लगची वायर काढून बॉडीला जोडावी, कार्ब्युरेटरकडची नळी काढून डब्यात सोडावी आणि इंजिन स्टार्टरवर फिरवावे. पेट्रोल स्पष्ट झटक्यांनी बाहेर पडले पाहिजे. ते आलेच नाही, तर टाकीकडची नळी, फिल्टर आणि टाकीतील जाळी आधी तपासावी. बंद पडलेल्या गाडीत पेट्रोल टाकीकडे परत उतरत असेल आणि सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागत असेल, तर संशय पंपाच्या झडपांवर किंवा हवा घेणाऱ्या जोडावर येतो.

टाकीच्या झाकणाचा दोष सर्वांत जास्त फसवतो. झाकणातील हवेचे छिद्र बुजले, की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत निर्वात पोकळी वाढते आणि काही वेळाने पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी बंद पडते, थोडी थांबली की पुन्हा सुरू होते. तापल्यावर बिघडणारी, प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइलही नेमकी अशीच वागते. बंद पडताच झाकण सैल करावे: हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज होऊन इंजिन लागले, तर कॉइल निर्दोष आहे.

कार्ब्युरेटरकडे वळण्याची घाई नेहमीच केली जाते. चोक अर्धवट ओढल्यावर इंजिन सुधारत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे एवढेच सिद्ध होते. ते पंपामुळे की जेटमुळे (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रामुळे), हे वरील चाचणीनंतरच ठरते. उभ्या राहिलेल्या गाडीतील जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर प्रथम पायलट जेट, म्हणजे मंद गतीसाठीचे सर्वांत बारीक जेट बुजवतो. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र मोठे होते. फ्लोटची (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई बसत नसेल तर ओव्हरफ्लो, ओला प्लग व काळा धूर दिसतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वाढले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. तेव्हा टाकी रिकामी करणे हाच विश्वसनीय उपाय होय.

वेगावर मर्यादा ठेवणाऱ्या गव्हर्नरची गणना या दोषांत करू नये. गोल्फ कार्टचा वेग अमेरिकी मानकानुसार ताशी सुमारे २४ किमी.च्या आत राखलेला असतो. सपाटीवर गाडी त्यापुढे जात नाही, ही तक्रार इंधनाची नव्हे.

अलीकडच्या इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) कार्टमध्ये पल्स पंपाऐवजी विजेचा पंप असतो आणि नळीत दाब कायम राहतो. तेथे वरील चाचणी करू नये. कार्ब्युरेटरच्या गाडीवर मोटारगाडीचा विजेचा पंप बसवला, तर जास्त दाबाने सुई उचलली जाऊन ओव्हरफ्लो होतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि आसनाखालच्या पोकळीत साचते. बॅटरीही बहुधा तेथेच असते. म्हणून नळी सोडून काम करताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी. स्टार्टर मारावा लागणाऱ्या चाचणीत ती जोडलेलीच राहत असल्याने आसन उचलून वाफ जाऊ द्यावी, आणि मगच पेडल दाबावे.