मत्स्यगंध विकार

घाम, श्वास, लघवी आणि शरीरातल्या इतर स्रावांना सडत चाललेल्या मासळीसारखा वास येणे, असे लक्षण असलेला चयापचयाचा दुर्मीळ विकार. वैद्यकात त्याला ट्रायमिथिलअमिन्यूरिया म्हणतात. ट्रायमिथिलअमिन नावाच्या संयुगाचे रूपांतर करणे यकृताला जमले नाही की ते रक्तात साठते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. या विकाराने जीव जात नाही, आयुष्य घटत नाही. मात्र अंघोळीशी त्याचा संबंध नसताना रोग्याला पहिल्यांदा विचारले जाते ते अंघोळीबद्दलच. या विकारातले बरेचसे दुःख तिथे सुरू होते.

नाव फसवे आहे. ज्या घरात मासळी कधी शिरली नाही, त्या घरातही हा विकार असू शकतो. उलट पट्टीचा मासे खाणारा निरोगी असेल तर त्याच्या अंगाला असा वास येत नाही.

मासळी आणणाऱ्या घरांना हा वास चांगला माहीत असतो. समुद्रातल्या ताज्या माशाला फारसा वास नसतो. त्याच्या अंगात ट्रायमिथिलअमिन ऑक्साइड हे निर्गंध संयुग असते. मासा मेला की जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि ट्रायमिथिलअमिन उरते. दुपारपर्यंत बर्फाविना पडून राहिलेल्या बांगड्याचा हिवस वास तो हाच. माणसाच्या आतड्यातले जिवाणूही हेच संयुग तयार करतात. अंड्याचा बलक, कलेजी, सोयाबीन, शेंगदाणे यांतले कोलीन हे पोषकद्रव्य, मटणातले कार्निटीन हे संयुग आणि समुद्री मासळीतले ते ऑक्साइड हा त्यांचा कच्चा माल. तयार झालेले ट्रायमिथिलअमिन आतड्यातून रक्तावाटे यकृतात पोचते. तिथे एफएमओ३ नावाचे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन परत जोडते आणि निर्गंध झालेले संयुग लघवीतून निघून जाते. निरोगी माणसात या मालाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग असा मार्गी लागतो. विकर अपुरे असेल तर वास असलेले संयुग तसेच शिल्लक राहते.

या विकराची कृती लिहिलेले जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. विकार अप्रभावी पद्धतीने वारशात येतो, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळावी लागते. असे आईवडील स्वतः सहसा निरोगी असतात आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आते-मामे भावंडांत लग्ने होतात त्या घराण्यांत अप्रभावी विकारांची शक्यता वाढते, तशी याचीही वाढते. जनुकात दोष नसतानाही हा वास येऊ शकतो. यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे जुने दुखणे, लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ, कोलीन किंवा कार्निटीनच्या मोठ्या मात्रा ही त्याची कारणे. व्यायामशाळेतल्या सल्ल्याने कार्निटीन घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अशा वेळी मूळ कारण दूर झाले की वास जातो.

आधुनिक वैद्यकात या विकाराचे वर्णन १९७० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात झाले आणि १९९७ मध्ये एफएमओ३ जनुकातल्या बदलाशी त्याचा संबंध सिद्ध झाला. त्याविषयी लिहिणारे वैद्यकीय लेखक अनेकदा महाभारतातल्या सत्यवतीपर्यंत मागे जातात. माशाच्या पोटी जन्मलेली, कोळ्यांच्या राजाने वाढवलेली आणि यमुनेवर नाव चालवणारी ही मुलगी मत्स्यगंधा म्हणून ओळखली जाई. पुढे पराशरांच्या वराने ती योजनगंधा झाली. कथेवरून निदान करणे योग्य नाही, कारण तिथे वासाचे कारण जन्मकथेतच दिले आहे. पण आदिपर्वातला एक तपशील या विकाराच्या रोग्यांना जवळचा वाटेल. वर माग म्हटल्यावर तिने अंगाला सुगंध मागितला.

बगलेतल्या घामाच्या नेहमीच्या दुर्गंधीशी याची गल्लत होते. घाम बाहेर येताना जवळपास निर्गंध असतो. बगल आणि जांघेतल्या विशिष्ट ग्रंथींच्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू काम करतात, तेव्हा वास तयार होतो. त्यामुळे धुतल्यावर, केस काढल्यावर, सुती कपडे घातल्यावर तो कमी होतो. मत्स्यगंधाचे मूळ त्वचेवर नसून रक्तात असते. न्हाऊन बाहेर आले की काही वेळात नव्या घामाबरोबर आणि श्वासाबरोबर तो पुन्हा हजर होतो. शिवाय तो सतत येत नाही. ताप, उन्हातली धावपळ, मानसिक ताण आणि विशिष्ट जेवण यांनी तो वाढतो. मुलींमध्ये वयात येताना, पाळीच्या आसपास आणि पाळी जाण्याच्या काळात जोर करतो. तपासणीच्या दिवशी नेमका वास नसला की डॉक्टरही भासावर बोट ठेवतात. खुद्द रोग्यालाही तो बऱ्याचदा जाणवत नाही. शेजारची व्यक्ती नाकाला रुमाल लावते किंवा सरकून बसते, तेव्हा त्याला कळते.

सगळ्याच विचित्र वासांना हे कारण लागू नाही. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येणे हे अनियंत्रित मधुमेहात तातडीने रुग्णालयात जाण्याचे लक्षण आहे. मूत्रपिंडे निकामी होत असताना श्वासाला अमोनियासारखा दर्प येतो. एक निरुपद्रवी प्रकार आपल्या घरांतला आहे. बाळंतिणीला भरपूर मेथी खाऊ घालतात. मेथीतल्या सोटोलोन या संयुगाचा गोडसर वास आईच्या घामाला आणि तान्ह्या बाळालाही येऊ शकतो. जळक्या साखरेसारख्या वासाच्या लघवीचा एक गंभीर जन्मजात आजार आहे, त्याच्याशी या वासाचे साम्य आहे. म्हणून बाळाची तपासणी करताना डॉक्टरांना मेथीबद्दल जरूर सांगावे.

मत्स्यगंध विकाराचे निदान नाकाने होत नाही. लघवीतले ट्रायमिथिलअमिन आणि त्याचे ऑक्साइड दोन्ही मोजून त्यांचे प्रमाण काढतात. नमुना घेतल्याबरोबर त्यात आम्ल घालून तो गोठवावा लागतो, नाहीतर संयुग उडून जाते. अहवाल खोटा निर्धोक येऊ नये म्हणून चाचणीआधी नेहमीचे जेवण जेवावे. काही ठिकाणी मुद्दाम समुद्री मासळी किंवा कोलीन देऊन नमुना घेतात. जनुकीय तपासणीने खात्री होते. अंगाला वास येतो अशी पक्की समजूत असते पण प्रत्यक्षात तो नसतो, अशीही एक मानसिक अवस्था आहे. तिचा त्रास खरा असतो आणि तिच्यावर उपचार आहेत. या चाचणीने दोन्हींतला फरक स्पष्ट होतो.

विकार मुळापासून बरा करणारा उपचार आज नाही, पण वास पुष्कळ कमी करता येतो. सुरुवात साबणापासून करावी. वासाच्या धास्तीने रोगी दिवसातून तीनचारदा साबण घासतो आणि तिथेच चुकतो. साधी साबणवडी अल्कधर्मी असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) ९ ते १० असतो. ट्रायमिथिलअमिनही अल्कधर्मी आहे आणि खोलीच्या तापमानाला वायुरूप असते, त्यामुळे अल्कधर्मी त्वचेवरून ते सहज उडते. आम्ल मिळाले की त्याचा क्षार बनतो, आणि क्षार उडत नाही. मासळीच्या तुकड्यांना चिंचेचा कोळ, आगळ किंवा लिंबू चोळून ठेवणारी कोकणी घरे पिढ्यानपिढ्या हेच रसायनशास्त्र वापरत आली आहेत. म्हणून सामू ५.५ ते ६.५ असलेला सौम्य साबण किंवा अंग धुण्याचे द्रावण वापरावे. लिंबू मात्र अंगाला चोळू नये. त्यावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग राहतात.

आहारात समुद्री मासळी, कोळंबी, कुर्ल्या, माकूल, अंड्याचा बलक, कलेजी आणि गुर्दा कमी करावेत. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यासारख्या माशांत ते ऑक्साइड बरेच कमी असते. शाकाहारी मराठी ताटाला खरी अडचण येते ती शेंगदाण्याची. भाजी, कोशिंबीर, उपासाची खिचडी, सगळ्यांत कूट असते. तिथे ओले खोबरे चालते. सोयाबीन, राजमा आणि वाटाणेही बेतानेच खावेत. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोलीतली काही संयुगे एफएमओ३ विकरालाच अडवतात, म्हणून त्याही कमी. एकाच वेळी सगळे तोडण्यापेक्षा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीत एकेक पदार्थ वगळून पाहावा. बऱ्याच रोग्यांत विकर थोडेफार काम करते आणि त्यांना फार कडक पथ्य लागत नाही.

विकराला कामासाठी रायबोफ्लेविन, म्हणजे ब२ जीवनसत्त्व लागते. त्याच्या पूरक मात्रेने काहींना गुण येतो. आतड्यातले जिवाणू कमी करण्यासाठी मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविके थोड्या दिवसांसाठी देतात. ती स्वतः दुकानातून आणून घेऊ नयेत. वारंवार वापराने त्यांचा परिणाम ओसरतो. सक्रिय कोळसा आणि कॉपर क्लोरोफिलिन आतड्यातच संयुग धरून ठेवतात. कोळसा इतर औषधेही शोषतो, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर हवे.

एकटेपणा, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार या विकारात आढळतात. समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानावा. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. शाळेतल्या मुलाच्या बाबतीत शिक्षकांना विकाराचे नाव लिहून दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी फार उपयोगी पडते.

गर्भारपणात आणि अंगावर पाजताना कोलीन तोडू नये, कारण बाळाच्या मेंदूला आणि मज्जासंस्थेला त्याची गरज असते. त्या महिन्यांत पथ्य सैल करून बाकीचे उपाय चालू ठेवतात. वाढत्या मुलांच्या ताटातलेही अंडे आणि डाळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये. काही लहान मुलांत विकर उशिरा पूर्ण काम करू लागते आणि वास वयाबरोबर आपोआप जातो.