जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवरचे शिक्के : घेण्याआधी काय पाहावे

जुना टी-सेट घेऊन येणारे बहुतेक ग्राहक आधी बशी उलटी करून शिक्का दाखवतात. आम्ही शिक्का सगळ्यात शेवटी बघतो. तो कोणीही उठवू शकतो. माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर) आणि झीज यांची नक्कल अवघड.

जर्मनीतल्या माइसेन या चिनी मातीच्या कारखान्याच्या शिक्क्याचं, निळ्या तलवारींचंच घ्या. कारखाना १७१० चा, तलवारींची खूण १७२० च्या दशकातली. तेव्हापासून तिच्या नकला चालूच आहेत. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात माइसेनपासून चीनमधल्या भांड्यांपर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या, आणि इतक्या सफाईने की आज त्यांनाही गिऱ्हाईक आहे. अस्सल तलवारी ग्लेझखाली, कोबाल्टच्या निळ्या रंगात हाताने काढलेल्या असतात. वरून नख हलकेच फिरवा. रंग नखाला जाणवला तर संशय घ्या. तलवारींवर आडव्या रेघा कोरलेल्या असतील, तर तो माल कारखान्याने बहुधा दुय्यम ठरवून किंवा रंगकाम न करता विकलेला असतो.

चीनमधल्या भांड्यावर तिथल्या कांग्शी बादशहाची (१६६२–१७२२) सहा अक्षरी खूण दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. एकोणिसाव्या शतकातले कुंभारही जुन्या काळाच्या आदरापोटी ती घालत. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण भाव मात्र कांग्शीचा देऊ नका.

इंग्रजी अक्षरं जास्त उपयोगी. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचं नाव येऊ लागलं. ‘मेड इन इंग्लंड’ साधारणपणे विसाव्या शतकातलं. ते असलेला सेट कोणी ‘१८५० चा’ म्हणून विकत असेल, तर सरळ उठा. ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) म्हणजे ढोबळमानाने १८९१ ते १९२१, पुढे ‘जपान’. शंकरपाळ्याच्या आकाराचा ब्रिटिश नोंदणी शिक्का १८४२ ते १८८३ मधला, पण तो नक्षी कधी नोंदली ते सांगतो. भांडं नंतरचंही असू शकतं.

आता बूड पाहा. खरी झीज टेबलाला टेकणाऱ्या कडेवरच असते, रेघा वेड्यावाकड्या, कुठे खोल तर कुठे पुसट. पॉलिशपेपरने घासलेल्या रेघा एकाच दिशेने जातात. चहाच्या पाण्याने आणलेला ‘जुनेपणा’ बऱ्याचदा कोमट साबणाच्या पाण्यात उतरतो. बुडाच्या मध्यावर निस्तेज, खरवडल्यासारखा डाग असेल तर तिथला खरा शिक्का कोणीतरी घासून काढलेला असण्याची शक्यता मोठी.

दुकानात आणताना भांडं घासू नका, सोनेरी कडेला तर घासणी लावूच नका. टवका उडाला असेल तर तो तुकडाही आणा, घरी चिकटवू नका. नुसतं पाहायचे आम्ही पैसे घेत नाही. लेखी अभिप्राय हवा असेल तर घेतो.